रायटच्या एमएमओसाठी सोलापुरात आत्ताच नवा पीसी घ्यावा का?

नाही, रायट गेम्स कंपनीच्या या एमएमओच्या, म्हणजे हजारो जण एकाच जगात एकत्र खेळतात अशा ऑनलाइन गेमच्या, भरवशावर आत्ता पैसे घालू नका. डिसेंबर २०२० मध्ये तो बनतोय असं कळलं, पण मार्च २०२४ मध्ये रायटचे सहसंस्थापक मार्क मेरिल यांनीच सांगितलं, की काम नव्या दिशेने पुन्हा सुरू केलंय, कारण आधीचा आराखडा आजच्या एमएमओंपेक्षा पुरेसा वेगळा नव्हता. त्यानंतर बरीच वर्षं काही ऐकू येणार नाही, असंही ते तेव्हा म्हणाले. पुन्हा सुरुवात करणं मला अगदी पटलं. रुनटेरासारख्या (‘लीग ऑफ लेजेंड्स’ या रायटच्या गेमचं काल्पनिक विश्व) भरगच्च जगात पुन्हा ‘दहा लांडगे मारून या’ छापाची कामं नकोतच! रायटच्याच व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमसाठी पीसी हवा असेल तर मात्र जरूर घ्या, त्याचे सर्व्हर मुंबईत आहेत; फक्त सोलापुरात मोबाइल हॉटस्पॉटऐवजी फायबर कनेक्शन घ्या.