गोव्यात मोठा भूकंप कोणालाच आठवत नाही, मग ‘झोन ३’ कुठून आला?

तुम्ही ताळगावला फ्लॅट बघताय, कागदांत ‘भूकंप झोन ३’ लिहिलंय आणि घरातल्या थोरांनाही इथला मोठा भूकंप आठवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी फोंड्यात बिल्डिंगांची आरसीसी डिझाइनं करतो. झोन म्हणजे भूकंपाच्या धोक्यानुसार पाडलेले देशाचे भाग. झोन ३ चा ०.१६ हा आकडा (जमिनीचा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या किती पट धरायचा, तो) रोज माझ्या हिशोबात असतो.

भूकंपाचा धोका दोन बाजूंनी शोधतात. पहिली बाजू भ्रंशांची, म्हणजे ज्या भेगांवर जमिनीखालचे खडक सरकतात त्यांची: ते कुठे आहेत, किती लांब आहेत, वर्षाला किती सरकतात. हिमालयात हे मोजता येतं. आपल्याकडचे भ्रंश फार सावकाश हलतात, शिवाय घाटापलीकडे बरेच बेसॉल्टच्या थरांखाली झाकलेले. मग भिस्त उरते भूकंपांच्या नोंदींवर. साधारण ५ तीव्रतेचे दहा धक्के बसतात तिथे ६ चा एक बसतो, म्हणून लहान धक्के मोजून मोठ्याचा अंदाज बांधतात.

नोंदी तोकड्या असल्या की काय होतं ते आपल्या शेजारी दोनदा दिसलं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला भूकंप झाला, पणजीपासून सरळ रेषेत जेमतेम २०० किलोमीटरवर. त्यानंतर देशाचा भूकंप झोनचा नकाशा बदलावा लागला. बदललेल्या नकाशातही किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्येच होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसं गेली. २००२ साली झोन १ काढूनच टाकला. म्हणून कोणाला मोठा भूकंप आठवत नाही, एवढ्यावरून झोन ठरवत नाहीत.

पण तुमच्या फ्लॅटसाठी मला झोनपेक्षा जमिनीची काळजी जास्त वाटते. तो नकाशा एवढ्या मोठ्या प्रदेशाचा आहे की चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पठारावरचं घर आणि खाजण (खाडीकाठची सखल खारजमीन) बुजवून उभी केलेली बिल्डिंग त्यात एकाच रंगात येतात. मऊ गाळात धक्का वाढतो. अहमदाबादही झोन ३ मध्येच; २००१ साली भूजच्या भूकंपाचं केंद्र २०० किलोमीटरांहून दूर असताना तिथे बिल्डिंगा कोसळल्या, आणि त्यांत खाली नुसते खांब ठेवून पार्किंग केलेल्या पुष्कळ होत्या.

तेव्हा बिल्डरकडे मातीच्या चाचणीचा रिपोर्ट मागा. खाली स्टिल्ट पार्किंग असेल तर त्या कॉलमांचं ड्रॉइंगही मागा आणि एखाद्या इंजिनिअरला दाखवा. कॉलमच्या उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत, ९० वर सोडलेली नकोत.