‘मोठी झालीस की तूच ठरव’ म्हटलं, आणि तिनं ठरवलं

आंतरधर्मीय लग्न झालेल्या घरांतून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: मूल कुणाच्या धर्माचं? मूल लहान असताना तो शाळेच्या अर्जातल्या रकान्यापुरता असतो. मूल स्वतःच उत्तर देतं, तेव्हा घर हादरतं. गोव्यातल्या अशाच एका घराची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील फोंड्याकडचे हिंदू, आई साष्टीतली ख्रिस्तांव. लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे, आधी इराद्याची पहिली सही आणि मग लग्न पक्कं करणारी दुसरी सही करून. मुलगी वाढली ती चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधत आणि नाताळला दोदोल ही मिठाई वाटत. धर्माचा विषय निघाला की आईवडील म्हणत, मोठी झालीस की तूच ठरव. विशीत आल्यावर तिनं सांगितलं, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, तयारीचे वर्गही तिनं गुपचूप सुरू केले होते.

पहिल्यांदा वडील एकटेच आले. ‘‘मॅडम, आम्ही कधी जबरदस्ती केली नाही. पण रगत आमचंच ना?’’ धाकट्या भावानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की धर्म बदलला की तिचा वाटा जाणार. ते मी तिथल्या तिथे संपवलं. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांचा हक्काचा अर्धा हिस्सा धर्मावर अवलंबून नाही. आणि सज्ञान माणसाचा विवेक त्याचा स्वतःचा, हे घटनेच्या 25व्या कलमात आहे. पण कायद्यानं बापाचं दुःख हलत नाही.

त्यांचा खरा मुद्दा वेगळा होता, आणि मला तो वजनदार वाटला. ‘‘शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या इगर्जीतली मिलाग्रिस सायबीण बहिणी, असं आपण मानतो. दोन्हीकडे तेल जातं, फुलं जातात. मग हिला एकच कशाला निवडायला हवं?’’ पुढच्या वेळी मुलगी सोबत होती. तिच्यासमोर त्यांनी हेच म्हटलं. ती म्हणाली, ‘‘पप्पा, सायबिणीला कोणी अर्ज भरायला लावत नाही.’’ तिघेही हसलो. त्या खोलीत पहिल्यांदाच.

मग मी वडिलांना कुलदेवतेबद्दल विचारलं. कवळ्याची शांतादुर्गा. मूळची कुठली? केळोशीची, हे ते अभिमानानं बोलले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी देवी जुवारी नदीपलीकडे फोंड्यात आणली. मंगेशही असाच कुशस्थळीहून प्रियोळला आला. फोंडा तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. म्हणजे ज्याला ते जन्मानं मिळालेलं म्हणत होते, त्याच्या मुळाशी कुणीतरी घरदार सोडून घेतलेला निर्णय होता. आणि आईचे पूर्वज? त्यांच्यातलेही कुणीतरी मागे राहून धर्म बदललेले असणार.

इतिहास सांगून मी वाद जिंकायला बघत नव्हते. उलट त्यातूनच बापाच्या मनातलं बाहेर आलं. ‘‘एवढं सोसून त्यांनी जे राखलं, ते माझ्या घरात सुटतंय.’’ मुलीनं हे कधी ऐकलंच नव्हतं. तिला वाटत होतं, पप्पांना नातेवाईक काय म्हणतील एवढीच काळजी आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘पण त्यांच्यावर जोर होता. माझ्यावर कोणाचाच नाही.’’

तिचंही एक वाक्य मी तसंच सोडलं नाही. ‘‘जन्मानं मी कुणीच नव्हते,’’ असं ती म्हणाली होती. हे खरं नव्हतं, आणि बापाला लागणारं होतं. श्रद्धा कुणी कुणाच्या पोटी घालून देत नाही, हे मला मान्य आहे. पण आजी, आडनाव, चवथीची पहाट, सुतकाला बसणं हे जन्माबरोबरच येतं आणि बाप्तिस्म्यानं पुसलं जात नाही. शिवाय हिंदू जन्मानं आणि ख्रिस्तांव विश्वासानं, ही सोपी वाटणी गोव्यात टिकत नाही. तिच्या आईचा बाप्तिस्मा आई स्वतः तान्ही असताना झाला होता. आईला कुणी विचारलं होतं?

आई या सगळ्यात फारसं बोलली नाही. तिला भीती होती की नवरा म्हणेल, तूच फूस लावलीस. नवऱ्यानं ते कधीच म्हटलं नाही, हे मला त्या माणसाबद्दल फार महत्त्वाचं वाटतं.

‘तू ठरव’ म्हणणाऱ्या पालकांना मी एक विचारते: तिनं काय ठरवावं असं तुम्हाला वाटतं? उत्तर तयार असेल तर ते वेळेवर, उघड सांगावं. मूल त्याच्याशी भांडेल, पण निदान समोर काय आहे ते त्याला कळेल. या घरात ते उत्तर वीस वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं.

नंतरच्या बैठकांत आम्ही नेमकं काय बदलणार याचीच चर्चा केली. चवथीला ती येणार, माटोळी बांधणार, पूजेला बसणार नाही. वडील इगर्जीत येणार नाहीत, तिला सोडायला मात्र येतील. ‘‘माझ्या वेळी अग्नी कोण देणार?’’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘मी देईन, चालत असेल तर.’’ ते म्हणाले, भटजींना विचारावं लागेल.

फोंड्याच्या आजीला सांगायचं की नाही, यावर मात्र अजून एकमत नाही. वडील म्हणतात नको, मुलगी म्हणते मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. पुढची बैठक त्यासाठीच ठेवली आहे.