विश्वास डळमळलेला असताना सरांविषयी बोलू का?

प्रश्न : मी खडकीत वाढले. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, आम्हाला शिकवणारे सर मागच्या महिन्यात प्रभूकडे गेले. प्रार्थना, शास्त्राचं म्हणजे बायबलचं वाचन, गाणं, सगळं मी त्यांच्याकडून शिकले. स्मरणाच्या उपासनेत मी त्यांच्याविषयी साक्ष द्यावी, म्हणजे चार शब्द बोलावेत, असं चर्चच्या मंडळीने सांगितलं आहे. पण माझा धाकटा भाऊ गेल्यापासून माझा विश्वास पूर्वीसारखा राहिलेला नाही. देवळात जाते, पण प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत. अशा मनाने सरांविषयी बोलावं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, नकार देऊ नका. मंडळीने तुम्हाला सरांविषयी बोलायला सांगितलं आहे, स्वतःच्या विश्वासाची परीक्षा द्यायला नाही.

इतक्या ठामपणे लिहिते आहे, त्याला कारण माझ्या बाई. गुरुवार पेठेत, पंचहौदाजवळच्या एका वाड्यात त्या राहायच्या. आठवडाभर महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि रविवारी उपासना सुटली की आम्हा पोरांना पुढच्या बाकांवर बसवून शास्त्रपाठ घ्यायच्या. वचन पाठ म्हटलं की सुटका, असं त्यांच्याकडे नव्हतं. ‘आता हेच तुझ्या आजीला कळेल असं सांग,’ म्हणायच्या. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत पैसे उडवून परतलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो आणि घरी राबलेला थोरला रुसतो. मी एकदा त्या थोरल्या भावाची बाजू घेतली. त्यांनी मला गप्प केलं नाही, ‘त्याचं काय चुकलं ते शोधून पुढच्या रविवारी सांग,’ म्हणून घरी धाडलं. नारायण वामन टिळकांची पदं पेटीवर शिकवायच्या. चाल थोडी हलली तरी खपवून घ्यायच्या, शब्द मात्र चुकलेला चालायचा नाही.

मी नववीत असताना वडील गेले. त्यांच्या आजारपणात सगळी मंडळी प्रार्थना करत होती. त्यानंतरच्या रविवारी मी शब्बाथशाळेला गेलेच नाही. संध्याकाळी बाई घरी आल्या. आईने चहा टाकला. मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, देव ऐकत नाही, मी आता प्रार्थना करणार नाही. वाटलं होतं, ‘देवाची इच्छा’ म्हणतील. तोवर घरी आलेला प्रत्येक माणूस तेच म्हणून गेला होता. बाईंनी पिशवीतून तपकिरी कव्हर घातलेलं शास्त्र काढलं, स्तोत्र ८८ उघडलं आणि म्हणाल्या, ‘मोठ्याने वाच.’

बहुतेक विलापस्तोत्रं आक्रोशाने सुरू होतात आणि मध्येच कुठेतरी वळून भरवशाकडे, स्तुतीकडे येतात. हे येत नाही. तो माणूस रात्रंदिवस हाका मारतो, तू तोंड का लपवतोस म्हणून देवाला विचारतो, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. माझं वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, ‘हेही शास्त्रातच आहे. तुझी स्वतःची प्रार्थना सुचत नसेल, तर काही दिवस ही म्हण.’ मग चहा प्याल्या आणि गेल्या. मी ती प्रार्थना पुष्कळ काळ म्हटली. माझा विश्वास टिकला तो त्या संध्याकाळीमुळे, असं मी आजही मानते.

तुम्हाला वाटत असेल, शंका घेणाऱ्या विद्यार्थ्याने गुरूचं नाव कोणत्या तोंडाने घ्यावं? पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या पुण्याजवळचंच आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या, त्यांच्या गुरू असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या पत्रात ‘आजीबाई’ म्हणायच्या आणि त्याच आजीबाईंशी धर्मसिद्धांतांवरून कडाक्याचा वाद घालायच्या. चर्च सांगतं म्हणून मान्य करणं त्यांना जमत नव्हतं. ती पत्रं सिस्टर जेराल्डीन यांनी जपली, जुळवून ठेवली, म्हणून ती १९७७ साली छापली जाऊ शकली. आणि केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणणाऱ्या रमाबाई त्या याच. शिष्येच्या वादाने गुरू लहान होत नाही, ताई. मला तर वाद घालू देणारा गुरूच मोठा वाटतो.

बायबलमधल्या एका पत्रात पौलानेही आपला शिष्य तीमथ्याला लिहिताना माणसांची आठवण करून दिली आहे. जे शिकलास त्यात टिकून राहा, ते कोणाकडून शिकलास हे तुला ठाऊक आहे, असं तो म्हणतो. त्याच पत्राच्या सुरुवातीला तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो.

आता बोलण्याविषयी. सरांचे गुण सांगत बसू नका. ‘प्रेमळ’, ‘प्रार्थनाशील’ हे शब्द त्या दिवशी इतर सगळे वापरणारच आहेत. सर कुठे बसायचे, कोणतं गाणं पुन्हापुन्हा घ्यायचे, तुमच्यावर कधी रागावले, तुमच्या घरी कधी आले, ते सांगा. एखादाच प्रसंग नीट सांगितलात तरी पुरे. त्यांना संत करू नका. त्यांच्या घरच्यांना त्यांच्या खोडी माहीत असतात, आणि आज त्या खोडीच त्यांना हव्याशा वाटत असतील. ‘माझा विश्वास आज अढळ आहे’ असं वाक्य मात्र केवळ प्रथा म्हणून बोलू नका. ‘हे मला सरांनी दिलं’ एवढं म्हणा, ते खरं आहे.

भावाचा उल्लेख करायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. करणार असाल तर चर्चच्या पाळकांना आधी सांगून ठेवा आणि तेवढा भाग कागदावर लिहून न्या, आवाज भरून आला तरी वाचता येतो. साक्षीनंतरची प्रार्थना तुमच्याकडे सोपवली असेल, तर ती सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला तरी करायला सांगा.