रूममेट रोज गांजा ओढतो, आता त्याला भास व्हायला लागलेत, मी अडकेन का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कर्वेनगरला दोन मित्र टू बीएचके शेअर करून राहतात, लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट दोघांच्या नावावर. लिहिणारा २७ वर्षांचा, नोकरी करतो. दुसरा त्याचा इंजिनिअरिंगपासूनचा मित्र, आधी फक्त वीकेंडला ओढायचा, गेलं वर्षभर रोज. दोनेक महिने झाले, वरच्या मजल्यावरचे लोक आपलं बोलणं ऐकतात म्हणतो, झोपताना फोन फ्रीजमध्ये ठेवतो, खिडकीच्या काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलंय, ऑफिसचं लॉगिन करणंच सोडलंय. त्याचा मोठा भाऊ म्हणतो एका व्यसनमुक्ती केंद्राची गाडी येते, घरातून उचलून नेतात, तसं करू. आणि लिहिणाऱ्याने एकदा मित्राच्या सांगण्यावरून कुणाला तरी जीपेने दीड हजार पाठवलेत, ते आता त्याच्या डोक्यातून जात नाही. त्याला विचारायचंय की पोलिस आले तर काय, घरातला माल फेकून देऊ का, डॉक्टरकडे नेलं तर केस होते का, आणि तो यायलाच तयार नसेल तर?

मित्रा, खरं तर शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे आहेत पण तुमची झोप उडालीय ती पहिल्या दोनमुळे, म्हणून आधी ते उरकू.

एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्यात १ किलोपर्यंतचा गांजा म्हणजे ‘अल्प प्रमाण’ (चरस असेल तर १०० ग्रॅम), आणि आपल्याकडच्या पोरांना वाटतं अल्प म्हणजे चालतंय, तर तसं अजिबात नाही, कलम २० खाली एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि नुसतं ओढल्याबद्दल कलम २७ आहे, तिथे सहा महिन्यांपर्यंत. मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये एका गाजलेल्या जामीन अर्जात सांगितलंय की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र. म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, एवढ्याशा मालात कोर्ट सहसा देतं, पण पोलिस ठाण्यातून सही करून घरी असा प्रकार नाही, कोर्टात उभं राहावं लागतं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर बघायचं कलम २५. घर ज्याच्या ताब्यात आहे त्याने माहीत असून तिथे गुन्हा होऊ दिला तर त्या गुन्ह्याला जी शिक्षा तीच त्यालाही. ॲग्रीमेंटवर तुमचं नाव आहे आणि तुम्हाला माहीत आहे, हे दोन्ही खरंय, त्यामुळे धोका शून्य आहे असं मी सांगणार नाही. पण कलमात ‘होऊ दिला’ हेही सिद्ध व्हावं लागतं. तुम्ही त्याला घरात आणू नको म्हणून सांगितलं असेल, मेसेजवर वाद झाला असेल तर तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. सांगितलं नसेल तर आज सांगा, पण खरंच सांगा, नुसता रेकॉर्डसाठी मेसेज टाकला आणि रात्री सोबत बाल्कनीत बसलात तर कुठलाही सरकारी वकील तो मेसेज दोन मिनिटात फाडेल.

जीपेचं म्हणाल तर तुम्ही नेटवर कलम २७अ वाचलं असणार, १० ते २० वर्षं, म्हणूनच घाबरलात. ते कलम धंद्याला पैसा पुरवणाऱ्यासाठी आहे, आणि मघाशी म्हटलं त्याच निकालात हायकोर्टाने म्हटलंय की एखाद्या व्यवहारापुरते पैसे देणं म्हणजे धंद्याला फायनान्स करणं नव्हे. मदत केली म्हणून कलम २९ लावता येतं, तो प्रश्न राहतो, त्यामुळे परत एक रुपयाही पाठवू नका. चॅट आणि ट्रान्झॅक्शन डिलीट करत बसू नका.

माल फेकू का? नाही, हातच लावू नका. पिशवी घेऊन जिना उतरलात की तेवढा वेळ ती तुमच्या ताब्यात, आणि या कायद्यात ताब्यात सापडलं की माहीत नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं असतं. वर कुणाला वाचवायला पुरावा नष्ट केला म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ वेगळंच. मित्राबद्दल पोलिसांना कळवायलाच पाहिजे असं मात्र कायदा तुम्हाला म्हणत नाही.

आता मुद्द्याचं. गांजाचा आणि या संशयाचा संबंध किती हे मी सांगायचं नाही, ते सायकियाट्रिस्ट सांगेल, पण वर्तमानपत्र चिकटवण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर तपासणी लांबवू नका. ओपीडीत गांजा ओढतो म्हणून सांगितलं की डॉक्टरने पोलिसांना फोन करायचा असा कुठलाही नियम नाही. उलट मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २३ माहिती गुप्त ठेवायला लावतं, ऑफिसला कळण्याचाही प्रश्न नाही. त्यामुळे किती ओढतो, सोबत अजून काही घेतो का, सगळं खरं सांगा, लोक पोलिसांच्या भीतीने डॉक्टरला खोटं सांगतात आणि औषध चुकतं.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी जरा थांबून सांगतो: एनडीपीएसमध्येच कलम ६४अ आहे. व्यसन लागलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर ओढल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे केसपेपर ही त्याची ढाल आहे, पहिल्या दिवसापासून फाइल करा, प्रिस्क्रिप्शन, तारखा, सगळं. पुण्यात ससून आहे, येरवड्याचं मनोरुग्णालय आहे, १९८६ पासूनचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. खाजगी केंद्र निवडलंत तर नोंदणी आणि मान्यता आधी कागदावर बघा.

भावाच्या गाडीचं डोक्यातून काढून टाका. मर्जीविरुद्ध उचलून खोलीत कोंडणं हा गुन्हा आहे, आणि साखळीने बांधणं तर २०१७ च्या कायद्याने सरळ बंद केलंय. तो तयार नसेल तर त्याच कायद्यातला रस्ता कलम ८९ चा. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करायचा, एक सायकियाट्रिस्ट आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात, आणि त्याने स्वतःला इजा करायची धमकी दिली असेल, कुणाला त्याची भीती वाटावी असा वागला असेल किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला असेल तरच ३० दिवसांपर्यंत भरती. नुसता ऐकत नाही, नोकरी घालवली, एवढ्यावर होत नाही.

हा प्रतिनिधी कोण, तर तो ज्याला नेमेल तो. नेमणूक साध्या कागदावर होते, त्याची सही, ज्याला नेमलं त्याची लेखी संमती, स्टँपपेपर नको नोटरी नको. नातेवाईकच पाहिजे असंही नाही. नेमलंच नसेल तर आधी नातेवाईक म्हणजे इथे भाऊ, आणि त्यानंतर केअरगिव्हर, ज्यात सोबत राहून काळजी घेणारा मित्रसुद्धा बसतो. तुमच्या पत्रात लिहिलंय की सकाळी चहाच्या वेळी तो बराचसा पहिल्यासारखा असतो. मग तीच वेळ धरा, गांजाचा विषयही काढू नका, ‘कधी तब्येत बिघडली तर माझ्यासाठी कोणी बोलायचं’ एवढंच विचारून कागद करून घ्या. तो भावाचं नाव म्हणाला तर भावाचं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. भावाला सांगू नको असं वचन दिलंय म्हणता, तर गोपनीयतेचं बंधन डॉक्टरवर आहे, तुमच्यावर नाही, आणि तो कागद भावाला लागणारच आहे.

एखाद्या रात्री हाताबाहेर गेलं तर १०८ ची ॲम्ब्युलन्स, नाहीतर ११२. फोनवर पहिलं वाक्य ‘माणूस आजारी आहे, स्वतःला इजा करून घेईल’ हे सांगा. आलेल्या पोलिसांना शांतपणे मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० म्हणा, अशा माणसाला ताब्यात घेतलं तर त्यांनी २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. नुसतं बोलायचं असेल, तुम्हालाही, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलतात, व्यसनासाठी १४४४६ आहे.

फ्लॅट सोडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, विचारायला लाज वाटली असेल. सोडू शकता, त्यात काही गैर नाही. ॲग्रीमेंटमधला लॉक-इन आणि नोटिशीचा क्लॉज बघा, मालकाला लेखी कळवा, नुसतं सामान हलवून चालत नाही कारण कागदावर नाव असेपर्यंत कलम २५ चा प्रश्न तुमच्या मागे आहे. फक्त निघायच्या आधी भाऊ पुण्यात येऊ दे, किल्ली त्याच्या हातात द्या आणि ती फाइलही.