युद्ध आणि हिंसा या विषयावर चर्चासत्र घेताना

तुमचा प्रश्न असा आहे, की 1500 ते 1800 या काळातली युद्धं आणि हिंसा यांवर महाविद्यालयात दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र घ्यायचंय, विषय नाजूक आहे, तर आखणी कशी करावी. मी इतिहास शिकवते. असंच एक चर्चासत्र समन्वयक म्हणून पार पाडलंय, त्यावरून सांगते.

पत्रकात लढायांची नावं उपविषय म्हणून देऊ नका. आम्ही आधी तेच केलं होतं: सुरतेची लूट, वसईचा वेढा, पानिपत. आलेले सारांश वाचताना जीव मेटाकुटीला आला. कारणं, घटना, परिणाम आणि शेवटी शौर्याचे दोन परिच्छेद. मग पत्रक मागे घेतलं आणि नव्या पत्रकात प्रश्नच छापले. फौज शिवारातून गेली की गाव काय करायचं? दाणावैरण कुठून यायची? जखमींचं, ओलिसांचं पुढे काय व्हायचं? लुटीचा हिशेब कोण ठेवायचं? या खेपेला सारांश निम्म्याने कमी आले, पण वाचण्याजोगे आले. आणखी एक, कालखंड सनांतच लिहा. आपल्याकडे शिवकाल अजून बऱ्याच अभ्यासक्रमांत मध्ययुगातच मोडतो. नुसतं 'प्रारंभिक आधुनिक' म्हटलंत तर लोक एकोणिसावं शतक पाठवतात.

पानिपतावर निबंध हवाच असेल तर बुणग्यांवर मागवा. 14 जानेवारी 1761 ला लढणाऱ्यांच्या मागे बायका, यात्रेकरू, नोकरचाकर, बाजारकरी असा केवढा तरी लोंढा होता. लष्करामागून चालणाऱ्या त्या माणसांचं नाव आज आपण शिवीसारखं वापरतो. त्यांच्यावर काय गुदरलं, हे सांगणारा एक निबंध व्यूहरचनेवरच्या चार निबंधांना भारी पडतो.

आता नाजूकपणाचं. वाद होईल या भीतीने अवघड विषय गाळू नका. त्याऐवजी दोन्ही बाजूंची साधनं एकाच सत्रात समोरासमोर ठेवा. आम्ही नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांवर असं सत्र ठेवलं होतं. 1742 पासून दहाएक वर्षं त्या चालल्या. 1751 च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने सालिना बारा लाख चौथाई कबूल केली तेव्हा थांबल्या. बंगालहून आलेल्या एका तरुण अभ्यासकाने गंगारामाचं 'महाराष्ट्र पुराण' उलगडून दाखवलं. नाव मराठी वाटलं तरी काव्य बंगाली आहे, आणि त्या धामधुमीच्या काळातलंच आहे. ब्राह्मण पोथ्यांचे भारे घेऊन पळतायत, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. मागून 'बर्गी' येतायत, रुपये मागतायत, न देणाऱ्याचे हात, नाक, कान कापतायत. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. आपल्या दप्तरातला हा साधा शब्द तिकडे मुलांना झोपवताना भीती घालायला वापरतात, हे ऐकून सभागृह गप्प झालं.

मग पुढच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक उठले. "भास्करपंतांना भेटीला बोलावून मारलं, ते कोण सांगणार?" त्यांचा आवाज कापत होता. प्रश्न रास्तच होता. 1744 मध्ये बंगालात मनकऱ्याला अलीवर्दीखानाने भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकरांना आणि त्यांच्या सरदारांना भेटीच्या तंबूत कापून काढलं. पुढचा निबंध त्यावरच होता. सर खाली बसले, तो शेवटपर्यंत ऐकला आणि चहाच्या वेळी त्या बंगाली मुलाला शोधत आले. दोघं बराच वेळ बोलत होते. पहिला निबंध सकाळी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी असता तर हे घडलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी दोन तास निबंधवाचन नकोच, मूळ कागद वाचा. आम्ही शिवाजी महाराजांचं 1673 चं पत्र घेतलं होतं, चिपळूण भागात छावणीला असलेल्या लष्करातल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. पावसाळ्याचा दाणा आत्ताच उधळलात तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याकडून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत आणाल, आणि मोगल आले त्याहून तुम्ही वाईट असं लोकांना वाटेल. पुढे आगीची ताकीद आहे: रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. लढाई नाही, शत्रू नाही, तरी रयत कशी भरडली जाते, हे पोरांना त्या एका कागदावरून जेवढं कळलं तेवढं माझ्या तासांना कधी कळलं नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. उद्घाटन पाऊण तासात आटपा. एका सत्रात तीनच निबंध, वीस मिनिटं वाचन आणि दहा मिनिटं प्रश्न, आणि घंटी वाजवायला खंबीर माणूस बसवा. समांतर सत्रं टाळा. भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेकडे अनुदानाचा अर्ज करणार असाल तर सात-आठ महिने आधी लागा. पुण्याच्या पुरालेखागाराची किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाची भेट तिसऱ्या दिवशी ठेवता आली तर फार चांगलं. मोडी वाचून दाखवणाऱ्या जाणकाराचं मानधन मात्र अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा, बीजभाषण करणाऱ्या पाहुण्याइतकंच. शाल-श्रीफळावर त्यांची बोळवण करू नका.