'ग्राप' म्हणजे द्राक्ष नव्हे

'ग्राप' या फ्रेंच शब्दाबद्दल पुन्हा तेच ते प्रश्न आले आहेत. एकत्रच उत्तरे देतो.

प्रश्न : फ्रेंचमध्ये द्राक्षाला 'ग्राप' म्हणतात ना?
नाही. ग्राप म्हणजे घड. द्राक्ष म्हणजे 'रेझँ'.

प्रश्न : मग इंग्रजीत 'ग्रेप' कसे?
इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधून घडाचा शब्द उचलला आणि फळाला चिकटवला. फळाचा 'रेझँ' तिकडे जाऊन सुकला, त्याचा 'रेझिन' (बेदाणा) झाला. गंमत म्हणजे रेझँचे मूळ असलेल्या लॅटिन 'रासेमुस'चा अर्थही घडच.

प्रश्न : 'ग्राप' संस्कृत 'ग्रभ्'वरून आला, असे एका व्हिडिओत ऐकले. खरे का?
व्हिडिओत काय, काहीही ऐकू येते. पहिली अक्षरे जुळली म्हणून शब्दांची सोयरीक होत नाही. ग्राप आला फ्रँक या जुन्या जर्मानिक लोकांच्या बोलीतून. तिथे 'क्राप्पो' म्हणजे आकडा, हूक. विहिरीत पडलेली बादली काढायला आपण गळ सोडतो ना, तसल्या अनेक आकड्यांच्या लोखंडी गळाला फ्रेंचमध्ये 'ग्रापँ' म्हणतात. तो याच घरातला. पुढचा व्हिडिओ पाठवण्याआधी 'त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ' हा कोश उघडा. इंटरनेटवर फुकट आहे.

प्रश्न : केळीचा घडही ग्रापच का?
नाही, 'रेजीम'. खजुराचाही तोच. राजवटीच्या 'रेजीम'शी अर्थाने संबंध नाही. स्पॅनिश 'रासिमो' (घड) फ्रेंच तोंडात बसताना ओळखीच्या शब्दासारखा झाला. आपण जिला फणी म्हणतो तिला ते 'मँ', म्हणजे हात, म्हणतात.

प्रश्न : आमचा बेदाणा फ्रान्सला जायचा आहे. पाकिटांवर 'रेझँ' छापून झाले. चालेल का?
छापून झाल्यावर विचारता! दर हंगामात हेच. नुसते 'रेझँ' म्हणजे ताजी द्राक्षे. बेदाण्याला 'रेझँ सेक' हवे, बिया नसतील तर पुढे 'सां पेपँ'. ताजी द्राक्षे ०८०६.१० या सीमाशुल्क कोडखाली जातात, सुकी ०८०६.२० खाली, पाकिटावर एक आणि कागदावर दुसरे असेल तर सीमाशुल्कवाले विचारणारच. फ्रान्समध्ये ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मालावर फ्रेंच मजकूर सक्तीचा आहे; १९९४चा तुबों कायदा तेच सांगतो. आणि 'शंभर रुपयांत कोणत्याही भाषेत लेबल' करून देणारे मजकूर ॲपमध्ये टाकतात, इंग्रजी 'रेझिन' तसाच फ्रेंचमध्ये उतरला तरी त्यांना पत्ता नसतो. छपाई थांबवा. मजकूर आधी तिकडच्या आयातदाराकडून लेखी मंजूर करून घ्या, मग कस्टम एजंटला दाखवा. माझ्या उत्तरावर विसंबून एकही पाकीट छापू नका.

प्रश्न : अनुवाद करताना इंग्रजी 'क्लस्टर' (समूह) दिसला की 'ग्राप' लिहावे का?
उद्योगांच्या क्लस्टरला कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये 'ग्राप' चालतो, संख्याशास्त्रातल्या क्लस्टर नमुन्यालाही. 'क्लस्टर हेडेक'ला मात्र नाही. त्या डोकेदुखीचे फ्रेंच नाव 'आल्जी व्हास्क्युलेर द ला फास', त्यात घड कुठेच नाही. वैद्यकीय कागद असेल तर वैद्यकीय अनुवादकाकडेच द्या.