कुत्रा सतत खाजवतोय, कानाच्या कडांचे आणि कोपरांवरचे केस गेलेत. ॲलर्जी की खरूज?

वर्णनावरून आधी खरजेची शंका घ्या आणि त्वचा खरवडून तपासून घ्या. कोथरूडच्या ज्या दवाखान्यात मी पशुवैद्यांच्या हाताखाली काम करतो, तिथे कानाची कड बोटांत चोळून बघतात. मागचा पाय आपोआप खाजवायला लागला की संशय बळावतो. घरातल्या कुणाला खाज सुटली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ॲलर्जीत बहुधा पंजे चाटणं, पोट लाल होणं दिसतं, पावसाळ्यात तर फारच. फक्त, खरवडीत किडा दिसला नाही म्हणजे खरूज नाही असं नव्हे. लक्षणांवरूनही उपचार करतात. आयव्हरमेक्टिन हे खरजेवरचं औषध मात्र मनाने देऊ नका, कोली जातीच्या कुत्र्यांच्या जिवावर बेततं.